उजव्या हाताची दोन बोटं

लेथवर हातमोजे घालू नयेत, ही पाटी वैद्यबुवांच्या डोक्यावर बावीस वर्षं लटकत होती. डोक्यावर असल्यामुळे ती त्यांच्या कधी डोळ्यांत भरली नाही. एका सकाळी मोजा फिरत्या लोखंडात अडकला आणि उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. डॉक्टरांनी ती वाचवली, पण बोटांना स्पर्श कळेना. मग कारखान्याने मोठ्या मनाने हलकं काम दिलं: स्टोअरमध्ये बसून हातमोजे वाटायचे.

वैद्यबुवा हे कामगारांनी ठेवलेलं नाव. यंत्रावर हात टेकवून आतलं दुखणं सांगायचे, म्हणून. आता चार महिने ते स्टोअरच्या खिडकीतून आपल्या लेथचा आवाज ऐकत, सासरी गेलेल्या लेकीची खबर शेजारणीकडून ऐकावी तसा. घरी फ्रिजवर हात ठेवून उभे राहत.

"फ्रिज ठणठणीत आहे," बायको म्हणायची. "बिघडलाय तो त्यावर हात ठेवणारा. सरका, दूध ठेवायचंय."

लेथवर परतायचं तर थेरपिस्ट मॅडमची सही हवी होती. गुरुवारी त्यांनी बुवांना डोळे मिटायला लावले. "बोटाला काडी लागली की 'हो' म्हणायचं, काका."

बुवांनी मागच्या खेपेला हिशेब करून ठेवला होता. मॅडम दर तीन आकड्यांनी काडी टेकवतात. एक, दोन, तीन.

"हो."

एक, दोन, तीन. "हो."

असे सात 'हो' झाले.

"काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी मघापासून चहा पितेय."

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

"एवढी घाई कशाची? उरलेला हातही द्यायचाय का?"

"माझ्या लेथवर नवा माणूस आहे," बुवा म्हणाले. "कामाला चोख आहे. पण तिच्यावर कधी हात ठेवत नाही. सकाळपासून ती कण्हतेय, मॅडम. मला भिंतीपलीकडून कळतं. त्याला शेजारी उभं राहून कळत नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ लिहिलं. रोज दोन तास लेथपाशी. नव्या माणसाला शिकवायचं. यंत्र बंद असेल तेव्हाच हात लावायचा, चालू असताना पिवळ्या रेषेच्या बाहेर. महिन्याने पुन्हा तपासणी.

"डावा हात चालेल?"

"बंद यंत्रावर कुठलाही."

"बंद यंत्र काय बोलणार," बुवा पुटपुटले; पण कागद घडी होऊन खिशात गेलाही होता. "कधीपासून?"

"सोमवारपासून."

बुवांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"मधले तीन दिवस," त्यांनी विचारलं, "अगदी लागतातच का?"