गजरीला मारलेली हाक

केरबा गवळ्याची गजरी म्हस हाकेला पक्की. दावं सुटलेलं असलं आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून केरबानं "गजरेऽऽ" म्हणून आरोळी ठोकली, की वाटेत माणूस असो नाहीतर मोटारसायकल, ती सगळं बाजूला सारत त्याच्यापुढ्यात हजर. दिवाळीच्या पाडव्याला रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी मालकाच्या गाडीमागं पळवतात, तेव्हा तिच्या तोडीची म्हस अख्ख्या पेठेत नव्हती. लोकांना लेकराचं नसेल एवढं केरबाला तिचं कौतुक. त्याची बायको बयाबाई म्हणायची, "ह्यांचं लगीन माझ्याशी झालंय, पर संसार म्हशीबरोबर चाललाय." केरबा नुसता हसायचा. खोटं काय होतं त्यात?

गोठ्यामागं भिंत आणि भिंतीपलीकडं पशुखाद्याचा जुना कारखाना. तिथं मळीची टाकी, दोन मजली घराएवढी. मळी म्हणजे उसाची साखर काढून उरलेला काळा चिकट पाक. पेंडीत कालवला की जनावर घमेलं चाटूनपुसून साफ करतं. त्या टाकीचा बुडाजवळचा सांधा झिरपायला लागला आणि मळी भिंतीच्या फटीतून गल्लीत यायला लागली. दुसरीकडं लोकांनी बोंबाबोंब केली असती. गवळ्यांच्या गल्लीनं खाली बादल्या लावल्या. फुकटचं कोण सोडतो हो? आणि सगळ्यात मोठी बादली केरबाची. गजरीच्या अंगावर अशी तकाकी आली की बघणाऱ्याची नजर ठरेना.

कारखान्यानं एकदा मिस्त्री धाडला. तो भिंतीपाशी वाकतोय तोवर केरबानं त्याला खाटेवर बसवलं, त्याच्यासमोर गजरीची धार काढली आणि फेसाळ दुधाचा पेला हातात दिला. "पावणं, एवढी गडबड काय हाय? पाडवा तर होऊ द्या की. मग काय जोडायचं ते जोडा." मिस्त्रीनं मिशीचा फेस पुसला आणि गल्लीची काही तक्रार नाही म्हणून वर सांगून टाकलं. केरबाचा पोरगा कृष्णात मात्र भडकला. "आबा, उद्या टाकी फुटली म्हंजी?"

"एवढी वर्सं फुटली न्हाय, ती आताच फुटत्या व्हय रं?"

पाडवा तोंडावर आलेला, आणि एका दुपारी ती फुटली.

केरबा कोपऱ्यावर चहा पीत होता. पत्रा टरकावा तसा आवाज झाला, तोही केवढा, आणि वरच्या अंगाला कारखान्याची भिंतच गल्लीत आली. मागनं काळा लोंढा. लांबून सावकाश वाटायचा, पण मोटारसायकली, खाटा, कोंबड्यांची खुराडी, सगळं पोटात घेत येत होता. माणसं तालमीच्या उंच पायऱ्यांकडं पळाली. केरबाही चढला आणि मागं वळून बघितलं.

गोठ्याच्या दारात बयाबाई उभी होती, हातात घमेलं तसंच. पायऱ्या तिच्यापासून हाकेच्या अंतरावरसुद्धा नव्हत्या, त्याहून जवळ. लोंढा अजून वरच्या अंगाला अडला होता. नुसती पळाली असती तरी वाचली असती. केरबानं छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकली.

"गजरेऽऽ!"

दुसरं नाव तोंडात आलंच नाही. जी आयुष्यभर मारली तीच हाक निघाली. बयाबाईनं ती ऐकली, एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि घमेलं टाकून मागं वळली. दावं सोडायला आत गेली.

गजरी आली. छातीपर्यंत मळीत, धापा टाकत, पण बरोबर केरबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. बयाबाई आली नाही. तालमीतल्या पोरांनी कासरे बांधून तिला गव्हाणीपाशी शोधून काढली, तेव्हा नाकातोंडात मळी गेलेली होती.

दवाखान्यात गल्लीतली माणसं येऊन बसायची. मावशीचा मुक्या जनावरावर लई जीव, म्हशीसाठी आत गेली बघा, म्हणायची. केरबा मान खाली घालून ऐकायचा. ती म्हशीसाठी गेली नव्हती, त्याच्या हाकेसाठी गेली होती, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक? तिकडं कारखान्याचे साहेब येऊन पाहणी करून गेले. बैल गेला आणि झोपा केला. पण त्यांना शिव्या घालायला केरबाची जीभ उचलत नव्हती. त्या दुधाच्या पेल्याची त्याला आता शिसारी यायची. मिस्त्रीला आपण काम करू दिलं असतं तर, एवढं एकच त्याच्या डोक्यात गिरमिटासारखं फिरत राहायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बयाबाईनं डोळे उघडले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"म्हस आली न्हवं भाईर?"

"आली."

"येनारच की. तुमची हाक ती कवा मोडत न्हाय."

केरबाला हुंदका आवरेना. "अगं, तू पायऱ्यांकडं का आली न्हाईस? आत कशापायी गेलीस?"

तिला राग नव्हता. उलट ती किंचित हसली, रोज चेष्टा करताना हसायची तशी.

"मला हाक मारली असती, तर मी बी आलो असतो की."

आणि डोळे मिटले. केरबा खाटेशी गुडघ्यावर बसला. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं हाक मारली, "बये." मग पुन्हा मारली, मोठ्यानं. कृष्णातनं खांदा धरून मागं ओढलं तरी तो मारतच राहिला. बयाबाईनं ओ दिली नाही.