तुळशीचं वाक्य कुणाचं

पुंडलिकनगरातल्या आमच्या शाळेत अमेयच्या इयत्तेच्या निबंध स्पर्धेत खरे स्पर्धक दोनच. प्रमोदिनीताई, वय अडतीस, आणि दत्तोपंत, वय एकाहत्तर. ताई मुलाच्या म्हणजे अमेयच्या नावाने लिहीत, दत्तोपंत नातीच्या, स्वरदाच्या. बाकी अठ्ठावीस मुलांचे पालक गाईडमधून उतरवून देत आणि कुणाशी वाद घालत नसत. पहिलीत आणि दुसरीत पहिला नंबर ताईंचा आला होता. तिसरीत त्यांना हॅटट्रिक हवी होती, आणि तसं त्यांनी सोसायटीत सांगूनही ठेवलं होतं.

यंदा वर्गाला मंजुषा मॅडम आल्या. रोज खुलताबादहून एसटीने येणाऱ्या. त्यांनी जाहीर केलं, की निबंध वर्गात बसून लिहायचा, आणि तोही मुलांनी. विषय 'आमच्या घरची सकाळ'. पहिल्या नंबरचा निबंध पालक मेळाव्यात वाचला जाईल. पालकांच्या ग्रुपवर चार तास शांतता पसरली. मग कुणीतरी विचारलं, 'हे नियमात बसतं का?'

ताई डगमगल्या नाहीत. त्यांनी निबंध लिहिला आणि चार दिवसांत अमेयकडून पाठ करून घेतला. तुळस, भूपाळी, पाखरांची किलबिल, सगळा माल जागच्या जागी होता.

स्पर्धेच्या दिवशी मॅडमनी फळ्यावर मुद्दे लिहिलेच नाहीत. मुलं वह्या उघडून फळ्याकडे बघत बसली.

"फळ्यावर काय बघता? आज सकाळी घरी काय काय झालं, ते आठवा. डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं. दुसरं काही नाय."

ऋतुराजने हात वर केला. "मॅडम, खरं लिहायचं का निबंध लिहायचा?"

डी.एड.ला हा प्रश्न आला नव्हता. "खरं लिही रे बाबा."

"खऱ्याला मार्क असतात व्हय?"

"लई असतात. लिही."

ऋतुराजने लिहिलं, 'आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. पप्पा टॉवेलवरच गच्चीत पळाले. आई ओरडली. मग सगळ्यांनी आंघोळ केली.'

अमेयची मात्र पंचाईत झाली. तो आईचं ऐकणारा मुलगा होता आणि मॅडमचंही ऐकणारा होता. त्याने दोघींचं ऐकलं.

मेळाव्याला ताई पहिल्या रांगेत. अमेयचा पहिला नंबर जाहीर झाला तेव्हाच त्यांनी मोबाइल वर धरला आणि शूटिंग सुरू केलं. अमेय वाचू लागला.

'आमच्या अंगणात तुळस डोलते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही. आजोबा भूपाळी गातात. ते नाशिकला असतात. पाखरांची किलबिल सुरू होते. आमच्याकडे कबुतरं आहेत, ती एसीवर घाण करतात. आई मायेने डोक्यावरून हात फिरवून मला उठवते. आज तिने पांघरूण ओढलं आणि रिक्षा गेली तर चालत जा म्हणाली.'

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. मॅडमनी पदर तोंडाला लावला. ताईंचा मोबाइल हळूहळू मांडीवर आला. पण नंबर पहिला होता, म्हणून त्याही हसल्या.

दत्तोपंत उठले. दुसरा नंबर स्वरदाचा होता. तिने आजोबांची कवळी रोज सकाळी कशी सापडत नाही, ते सविस्तर लिहिलं होतं. पण नंबर वर सरकणार असेल तर दत्तोपंतांना ते चालणार होतं.

"हरकत आहे! 'अंगणात तुळस डोलते' हे तिसरीतल्या पोराचं वाक्य नव्हे. यात मोठ्या माणसाचा हात आहे. निबंध बाद करा."

मॅडम ताईंकडे वळल्या. "ताई, वाक्य तुमचं आहे का?"

हो म्हणावं तर पहिला नंबर जातो, नाही म्हणावं तर तुळस. त्या वाक्याला ताईंच्या दोन संध्याकाळी लागल्या होत्या. आधी त्यात तुळस नुसती 'होती'.

"माझं?" ताई म्हणाल्या. "छे! इतकं भिकार वाक्य मी कशाला लिहीन?"

"पण आई, तू तर..."

"तू गप रे. तू लहान आहेस, तुला चालतं तसं लिहिलेलं."

"भिकार म्हणता ना?" दत्तोपंतांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"भिकारच आहे, काका. गुळगुळीत. कुणीही लिहील."

"मग गेल्या वर्षी तुमच्या अमेयच्या गावात पिकं डोलत होती. त्याच्या आदल्या वर्षी शाळेत झेंडा डोलत होता. तेव्हा पहिला नंबर कसा काय आला?"

ताईंनी एकदा अमेयकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या बक्षिसाच्या कंपासपेटीकडे.

"तेव्हाच्या परीक्षकांना अक्कल नव्हती."

दत्तोपंतांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, मग दोन वर्षं मी दुसरं काय ओरडतोय!" ते म्हणाले, आणि हरकत मागे घेऊन समाधानाने खाली बसले.