वाकड्या मानेचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, माझे वय झाले आहे. झाकणाला तडा गेला आहे, एक बटण दाबले की दाबलेलेच राहते, आणि माझी मान वाकडी आहे. मी एक टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल, म्हणून आधी थोडे समजावून सांगतो.

माझ्या झाकणाच्या आत बोटाच्या पेराएवढा एक चकचकीत तुकडा आहे. त्याला हेड म्हणतात. कॅसेटमधली तपकिरी फीत त्याला घासून जाते आणि तिच्यावर जे नोंदवले असेल ते तो वाचतो. माझे हेड जरासे कललेले आहे. किती, तर केसभर. तुम्हाला डोळ्यांनी दिसणारही नाही. पण माझे सारे आयुष्य त्या केसभर वाकडेपणावर उभे आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला हॅलिफॅक्स नावाचे गाव आहे. तिथे लोकरीच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत माझ्या कामाला सुरुवात झाली. खोलीत हेझल मर्गट्रॉइड आणि क्लिफर्ड ऑगडेन ही दोन तरुण माणसे व्हिडिओ गेम बनवत. हेझल गेमचे सारे नियम लिही. कोणी कुठे उडी मारायची, कशाला धडकले की काय व्हायचे, हे तिचे काम. क्लिफर्ड आवाज आणि संगीत करी. रविवारी तो गावच्या बँडमध्ये कॉर्नेट नावाचे तुतारीसारखे वाद्य वाजवायचा, त्यामुळे त्याच्या गेममधल्या कुत्र्यांचे भुंकणेसुद्धा सुरात असे.

खालचे दुकान हेझलच्या मावशीचे, विनिफ्रेड ऍक्रॉइडचे. तिला सगळे विनीमावशी म्हणत. कंपनीचे नाव तिच्यामुळेच पडले. चहाची किटली गार होऊ नये म्हणून तिच्यावर लोकरीचे विणलेले टोपडे घालतात, त्याला तिकडे टी-कोझी म्हणतात. विनीमावशीने विणलेले एक केशरी टोपडे वरच्या खोलीतल्या किटलीवर कायम असे. नाव सुचेना तेव्हा हेझलने त्याच्याकडे बोट दाखवले, आणि कंपनी झाली 'टी-कोझी'.

तुम्ही आज गेम हवा त्या क्षणी उघडता. तेव्हा तसे नव्हते. गेम कॅसेटवर येई. कॅसेट माझ्यात घालायची, वायरने मला संगणकाशी जोडायचे आणि मी ती वाजवायची. तिच्यातून गाणे निघत नसे. निघे एक कर्कश किंचाळी, जणू कोणी पत्र्यावर खिळा ओढतो आहे. माणसे कान झाकून घेत. संगणकाला मात्र तीच किंचाळी कळे, आणि ती ऐकत ऐकत तो गेम पाठ करी. तोवर टीव्हीच्या पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे धावत राहत. एक चहा करून पिऊन होई, तेव्हा कुठे गेम सुरू होई.

आता माझ्या मानेविषयी. मी नवाकोरा असताना क्लिफर्ड दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन आला, आणि त्याचा पाय माझ्या वायरीत अडकला. मी टेबलावरून खाली पडलो. चहा सांडला नाही, याचाच त्याला फार अभिमान वाटला. मला उचलून त्याने बटणे दाबून पाहिली. मी चालत होतो. मग कोणी अधिक चौकशी केली नाही.

त्यानंतर मी त्यांचा पहिला गेम नोंदवून घेतला. पहाटे दुधाच्या बाटल्या पोहोचवणाऱ्या आणि प्रत्येक फाटकाशी कुत्रा चुकवणाऱ्या एका दूधवाल्याचा तो गेम होता. कॅसेट शेजारच्या गावातल्या कारखान्याकडे गेली. तिच्यावरून तिथे दुकानांसाठी पुष्कळ कॅसेटी निघणार होत्या. पण ती परत आली. कारखान्यातले लोक म्हणाले, आमच्या यंत्राला ही वाचता येत नाही.

क्लिफर्डने माझे झाकण उघडले, डोळा बारीक केला आणि लहान पेचकस हातात घेतला.

"सापडलं. याची मान वाकडी झालीय. स्क्रू थोडा फिरवला की सरळ."

"खबरदार हात लावलास तर!" हेझल ओरडली. "आपलं आत्तापर्यंतचं सगळं काम याच वाकड्या मानेनं लिहून घेतलंय. ती सरळ केलीस, तर आपलंच लिहिलेलं यालाच वाचता येणार नाही."

"मग काय, जन्मभर हा असाच?"

"असाच. तुझं नाक नाही का आम्ही चालवून घेत?"

म्हणून एक पद्धत पडली, मित्रांनो. टी-कोझीचा नवा गेम झाला की कॅसेटबरोबर मीही कारखान्यात जायचो. मी वाजवायचे आणि तिथल्या यंत्राने माझ्याकडून लिहून घ्यायचे. विनीमावशीने माझ्यासाठी एक लोकरीची पिशवी विणली होती. ती गळ्यात अडकवून क्लिफर्ड बसमध्ये बसे. एकदा वाहकाने विचारले, "पिशवीत काय, मांजर?" क्लिफर्ड म्हणाला, "आमचे मोठे साहेब." तेव्हापासून त्या बसवर मला मोठे साहेबच म्हणत. मला ते फार आवडे.

विनीमावशीचा हात या गेममध्ये कसा आला, तेही सांगायला हवे. त्या काळी पडद्यावरचे चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे असे. हेझलला ते काही केल्या जमत नसे. तिचा कुत्रा पाहून विनीमावशीने विचारले होते, "ही खुर्ची का हलतेय गं?"

मग विनीमावशीने खालून आपला विणकामाचा चौकटींचा कागद आणला. स्वेटरवर हरिण किंवा फूल विणायचे असेल, तर आधी अशा कागदावर एकेक घर भरून ते काढतात. एक घर म्हणजे एक टाका. तिने पेन्सिलीने घरे भरून कुत्रा काढला, आणि हेझलने एका घराला एक ठिपका असे धरून तो जसाच्या तसा पडद्यावर उतरवला. कुत्रा खराखुरा कुत्रा दिसला. त्याचा एक कानसुद्धा वाकडा होता.

"चौदा प्रकारचे कुत्रे विणलेत मी," विनीमावशी म्हणाली. "खुर्ची एकही नाही."

ते दिवस चांगले होते. दूधवाल्याचा गेम मुलांना आवडला. मग धुराड्यात घर करणाऱ्या कावळ्याचा आला, तोही आवडला. शाळा सुटली की मुले लोकरीच्या दुकानात शिरून विचारीत, "पुढचा कधी?" विनीमावशी म्हणे, "आधी पाय पुसा."

पुढचा गेम होता डोरिसचा. डोरिस ही एक मेंढी. तिकडे टेकड्यांवर नुसते दगड रचून बांध घातलेले असतात. ते बांध ओलांडत डोरिसने घरी पोहोचायचे. हा गेम विनीमावशीचा सगळ्यांत लाडका होता. मेंढीची चाल तिने कितीदा तरी खोडून पुन्हा काढली. खालची घंटा वाजली की ती गिऱ्हाइकाला म्हणे, "थांब हं, एक पाय राहिलाय."

पण डोरिस चालायला लागायच्या आधीच विनीमावशीची बहीण आजारी पडली, आणि मावशीला तिच्याकडे समुद्रकाठच्या गावी जावे लागले. जाताना ती जिन्यातून ओरडली, "मी आल्याशिवाय मेंढी कोणाला दाखवायची नाही!"

ती गेल्यावर गेम पूर्ण झाला. मी तो नोंदवून घेतला. क्लिफर्डने शेवटी घरी पोहोचल्यावरची एक छोटी धून घातली होती. पण तोवर जग बदलत चालले होते. मुलांना नवे, मोठे संगणक हवे होते, आणि त्यांना कॅसेट लागत नसे. टी-कोझीचे गेम दुकानांत पोहोचवणारी संस्था बंद पडली. तिच्यामागून टी-कोझीलाही कुलूप लागले. विनीमावशी परत आली तेव्हा वरची खोली रिकामी होती. हेझलला दूर नोकरी लागली होती. क्लिफर्ड मला घेऊन गेला, आणि डोरिसची कॅसेट हेझलच्या बिस्किटांच्या डब्यात गेली. तिची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती.

क्लिफर्डकडे मी बँडच्या कॅसेटी वाजवत असे. माझ्या वाकड्या मानेमुळे कॉर्नेटचा आवाज उशीखालून आल्यासारखा येई. पुढे माझ्या आतला रबरी पट्टा सैल झाला, म्हणून क्लिफर्डने मला दुरुस्तीला टाकले. दुकानदार फार भला माणूस होता. त्याने पट्टा बदलला, मला पुसले, तेल घातले, आणि कोणी न सांगता, आपल्या चांगुलपणाने, माझी मान सरळ करून टाकली.

क्लिफर्डला वाटले, नव्या पट्ट्यामुळेच कॉर्नेट इतके स्वच्छ वाजते आहे. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी सांगितले असते. पण आम्हा वस्तूंना दुसऱ्याने विचारल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

मग कॅसेटीही गेल्या, आणि मी माळ्यावर गेलो. वर्षे गेली. मोजायला तिथे काही नव्हते. लोकरीची पिशवी मात्र माझ्यावर होती. तिला कसर लागली, मला नाही.

एके दिवशी माळ्याचे झाकण उघडले. क्लिफर्ड आता म्हातारा झाला होता. शिडीखालून हेझल विचारत होती, "आहेत का साहेब?" तिचे केस पांढरे झाले होते, पण ओरडणे तेच होते.

झाले होते असे. विनीमावशीने नव्वदी ओलांडली होती. हेझल भेटायला गेली, तेव्हा मावशीने मध्येच विचारले, "माझी मेंढी चालली का गं शेवटी?" हेझल म्हणाली, चालली. मावशी म्हणाली, "मी नाही पाहिली." बस, एवढेच. हेझल तिथून सरळ क्लिफर्डच्या दारात.

आम्ही सारे मावशीच्या बैठकीच्या खोलीत जमलो. तिचा जुना टीव्ही होता, कारण तिने आयुष्यात चालू वस्तू कधी टाकली नव्हती. हेझलने तो जुना संगणक आणला होता. किटलीवर केशरी टोपडे होते. हेझलने डबा उघडून कॅसेट माझ्यात घातली. मी वाजवू लागलो, आणि पडद्यावर काहीच आले नाही. कडेचे पट्टे नुसते थरथरत, फाटत, विरून जात होते.

हेझलने मला थांबवले. माझ्या हेडवर तपकिरी भुकटी जमली होती.

"फीत झडतेय," ती हळूच म्हणाली. "दर वेळी थोडी उतरणार. फार वेळा नाही चालवता यायची, क्लिफ."

"पण हा तर कायम वाचायचा! मी मुद्दाम जपलाय याला. पट्टासुद्धा नवा..." क्लिफर्ड थबकला. त्याने झाकण उघडून डोळा बारीक केला. "हेझल, याची मान सरळ आहे."

मग विनीमावशी म्हणाली, "मग वाकडी करा. माझी मान बिघडायला मुळीच वेळ लागला नाही."

"किती वाकडी, मावशी? पूर्वी मी कानांनी ओळखलं असतं. किंचाळी सगळ्यांत तीक्ष्ण झाली की बरोबर. पण जन्मभर बँडमध्ये बसून ते बारीक आवाज आता ऐकूच येत नाहीत मला."

"माझ्याकडे नको बघूस," हेझल म्हणाली. "मी तेव्हाही कान झाकूनच बसायचे."

तरी क्लिफर्डने पेचकस लावला. हेझलने माझे सैल झाकण दाबून धरले आणि बटण दाबले. मी वाजवू लागलो. भुकटी झडत होती. क्लिफर्डने स्क्रू फिरवला, पुन्हा उलटा फिरवला, आणि डोळे मिटून ऐकू पाहू लागला.

"कान सोड, क्लिफा," विनीमावशी म्हणाली. तिने चष्मा नाकावर चढवला होता आणि ती टीव्हीच्या कडेकडे पाहत होती. "पट्टे बघ की. विणताना धागा सैल सुटला की असेच फाटतात. फिरव. अंहं, उलटीकडे. हळू. अजून. अजून थोडं... थांब! हात काढ. सरळ आलेत."

पट्टे खरेच सरळ झाले होते. एकसारखे, स्वच्छ, एकामागून एक धावत होते.

"आता सुरुवातीपासून," हेझल म्हणाली. तिने फीत मागे गुंडाळली, हेड कापसाने पुसले आणि बटण दाबले. क्लिफर्डने चहा ओतला, पण कोणी प्यायला नाही. मी मनापासून वाजवले, मित्रांनो. आयुष्यात कधी वाजवले नव्हते तसे. किंचाळी संपली. पडदा क्षणभर काळा झाला. मग टेकडी आली, बांध आला, आणि डाव्या बाजूने डोरिस चालत आली.

विनीमावशी बराच वेळ पाहत राहिली. डोरिसने पहिला बांध ओलांडला. दुसराही ओलांडला.

"मागचा पाय एक घर चुकलाय," मावशी म्हणाली.

"मावशी, या गोष्टीला चाळीस वर्षं झाली!"

"म्हणून काय लंगडीच राहू द्यायची तिला? कागद आण."

हेझल हसता हसता रडू लागली, आणि खरेच कागद आणायला गेली. पाय नीट झाला. नीट झालेल्या डोरिसच्या, आणि आधीच्या लंगड्या डोरिसच्याही, आता हेझलने काढलेल्या पुष्कळ प्रती आहेत. मला पुन्हा कधी त्या झडत्या फितीवरून डोरिस वाजवावी लागणार नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी विनीमावशीने आपली लाल नखपॉलिशची बाटली मागितली आणि माझ्या त्या स्क्रूवर एक थेंब सोडला. थेंब वाळला की स्क्रू हलत नाही. "आता कोणी शहाणपणा करायचा नाही," ती म्हणाली. मग माझ्यासाठी नवी पिशवी विणायला घेतली. ही निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिची काळजी घ्या, तिला पुसा, झाकून ठेवा. पण तिच्यातले काही तुम्हाला वाकडे दिसले, तर सरळ करण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारा, हे असे का आहे? आणि त्यांना विचारायला उशीर करू नका. माझ्या स्क्रूवरचा लाल ठिपका आता थोडा फिका झाला आहे. विनीमावशी दर भेटीत भिंगातून तो पाहते, आणि मग म्हणते, "आहे वाकडी. ठीक आहे."