बदली वादकाचा परिचय

तिसऱ्यांदा परत आलेला फॉर्म व्यवस्थापकानं टेबलावरून बाईंकडे सरकवला आणि अगदी अदबीनं सांगितलं की चौथा रकाना अजून रिकामाच आहे.

"रिकामा कुठे आहे? लिहिलंय की. शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, अकरा वर्षं."

"पुरावा जोडलेला नाही, बाई."

बाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात चार मात्रा मोजल्या. मुलांवर भडकायच्या आधी त्या असंच करत. मोठ्या माणसांसाठी चार पुरत नाहीत हे आज त्यांच्या लक्षात आलं.

मुलांच्या वाद्यवृंदात बाई गेली वीस वर्षं दुसऱ्या व्हायोलिनचा गट शिकवत होत्या. पहिल्या व्हायोलिनकडे चाल असते, दुसऱ्यांकडे तिच्याखालचा आधार. पहिल्यांचं वाजवणं मुलं घरी गुणगुणतात, आईवडील कौतुक करतात. दुसऱ्यांचं गुणगुणलं तर घरचे विचारतात, पोट दुखतंय का. अशा मुलांना धरून ठेवणं म्हणजे काय ते बाईंनाच ठाऊक. पण यंदा नवं विश्वस्त मंडळ आलं होतं आणि त्याला माहितीपुस्तिका हवी होती. गुळगुळीत कागदाची, फोटोंची, आणि प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची. कुणाकडे शिकलात, किती वर्षं शिकवताय, कुठे वाजवलंत. वाजवलं असेल तर छापील कार्यक्रमपत्रिकेत नाव दाखवा. नाव दाखवता आलं नाही तर पुढच्या हंगामापासून तुम्ही 'सहायक'. सहायकाला स्वतःचा गट नाही. म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनची सोळा मुलं मोठ्या सरांच्या हाताखाली जाणार, आणि मोठे सर, पहिल्या व्हायोलिनचे शिक्षक, या मुलांना पहिल्यांत न घेतलेली मुलं एवढंच समजत. वर्षभरात त्यातली अर्धी घरी बसली असती. बाईंना याची इतकी खात्री होती की त्यांनी ती कुठली कुठली मुलं हेही ठरवून टाकलं होतं.

"पत्रिकेत नाव नाही म्हणजे तुम्ही वाजवलं नाही असं मी म्हणत नाही," व्यवस्थापक म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं, तीच तर पंचाईत होती. चांगलं भांडताही येईना.

मग बाईंनी त्याला तिसऱ्यांदा समजावलं. त्या बदली वादक होत्या. कुणी आजारी पडलं की सकाळी फोन यायचा, दुपारी तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. पत्रिका महिनाभर आधी छापून झालेल्या असत. त्यात नाव आजारी माणसाचं. अकरा वर्षं बाई लोकांच्या नावाखाली वाजवत राहिल्या आणि कायमची जागा रिकामी व्हायच्या आत वाद्यवृंदच बंद पडला. आता त्या कचेरीत फरशांचं दुकान आहे. कागद मागायचे कुणाकडे, फरशीवाल्याकडे?

"ज्यांच्या जागी वाजवलंत त्यांनी लिहून दिलं तर चालेल," तो म्हणाला. "सहाच्या आत मात्र. सहाला मजकूर छापखान्यात जातो."

असे किती जण उरले होते? दोघं वारले, एक परदेशात लेकीकडे. आणि एक, ज्याच्या पाठीच्या दुखण्यावर बाईंची अर्धी कारकीर्द उभी होती, तो जिना चढून वरच्या खोलीत बसलेला होता. मोठे सर.

जाता जाता व्यवस्थापकानं त्यांना नमुना म्हणून मोठ्या सरांचा तयार परिचय दाखवला. बाईंनी चष्मा लावला. दुसऱ्याच ओळीत होतं, 'शहराच्या सभागृहाच्या उद्घाटनाच्या गाजलेल्या मैफलीत सहभाग.' खाली पत्रिकेचा फोटो, सरांच्या नावाभोवती गोल.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मैफलीत सर नव्हतेच. त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला सरांच्या बायकोचा फोन आला होता आणि त्यांच्या खुर्चीत बसली होती ती सव्वीस वर्षांची एक घाबरलेली मुलगी. ती मुलगी आता चौपन्न वर्षांची होऊन कचेरीत उभी राहून सरांनी तिच्या मैफलीची मारलेली फुशारकी वाचत होती.

पण आधी तालीम होती. मुलांना तुमच्या रागाशी काय देणंघेणं? बाईंनी सोळा व्हायोलिनं सुरात लावली, शेवटच्या रांगेतल्या मुलीचा अंगठा गजावर पुन्हा नीट बसवला, दोघांत एक स्टँड असला की पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्यानं करायचं हे पन्नासाव्यांदा सांगितलं. मुलं आज बरी वाजवत होती. त्यामुळे बाईंना जास्तच राग आला. मधली सुट्टी होताच त्या वर गेल्या.

दार उघडं होतं. मोठे सर पहिल्या व्हायोलिनच्या मुलांना गोष्ट सांगत होते, आणि कुठली, तर त्याच मैफलीची. वाद्यवृंदात रिवाज असतो, ऐन कार्यक्रमात पुढच्या मुख्य वादकाची तार तुटली तर तो मागच्याचं व्हायोलिन घेतो, तो त्याच्या मागच्याचं, आणि असं करत करत तुटकं व्हायोलिन शेवटच्या खुर्चीवर येतं. शेवटच्यानं ते बाहेर नेऊन दुरुस्त करायचं. त्या काळी मोठे सरही शेवटच्याच खुर्चीवर बसत, त्यामुळे गोष्टीत तुटकं व्हायोलिन अर्थातच त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते विंगेत नेलं, चाळीस सेकंदांत नवी तार चढवली आणि शेवटच्या भागाला परत खुर्चीत. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. काय सांगायची हातोटी हो! बाईंना स्वतःला क्षणभर वाटलं, पुढे काय होतंय बघू या.

मुलं खाली पळाल्यावर बाईंनी दार लावलं आणि बसण्याआधीच आपलं काम सांगितलं. फॉर्म, पुरावा, सहा वाजता छापखाना. मग म्हणाल्या, "उद्घाटनाचंच लिहून द्या. तेवढं एक पुरेल."

"त्या दिवशी मी होतो," सर म्हणाले.

"सर, तुमची पाठ गेली होती."

"पत्रिकेत नाव आहे माझं."

"नाव तुमचंच असायचं. अकरा वर्षं बघितलंय मी ते नाव."

सर तडकून वळले. खिडकीशी जाऊन उगीच स्टँड सारखे करत राहिले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पाठ अजून तशीच, एका बाजूला झुकलेली. शेवटी त्यांनी सांगितलं की ती मैफल त्यांनी जमिनीवर उताणं पडून रेडिओवर ऐकली. तार तुटल्याचा आवाजसुद्धा रेडिओवर आला होता. छताकडे बघत त्यांनी सगळं वाजवलं, नुसत्या बोटांनी. मग वर्षं गेली. मुलं विचारायची, सर, तुम्ही होतात का? पत्रिकेत नाव होतं. एकदा हो म्हटलं. पुढे पुढे खरंच आठवायला लागलं.

"पण तार चढवल्याचं तर मला तूच सांगितलंस. दुसऱ्या दिवशी पाठ कशी आहे विचारायला फोन केलास तेव्हा. चाळीस सेकंद हा आकडाही तुझाच."

बाई आता कुठे खुर्चीत बसल्या.

"खोटं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "खुंटी सारखी निसटत होती. मी बाहेर बोळात तार ओढत उभी राहिले आणि टाळ्या ऐकू आल्या. शेवट मी वाजवलाच नाही, सर. खरं सांगितलं असतं तर पुन्हा बोलावलं असतंत?"

सरांनी पुन्हा एक स्टँड सरळ केला. अठ्ठावीस वर्षांनी दोघांना कळलं की त्या गाजलेल्या मैफलीचा शेवट दोघांपैकी कुणीच वाजवला नव्हता. हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. बाईंना सरांचा राग होताच, आता स्वतःचाही आला, आणि घड्याळात साडेपाच झाले होते.

सरांनी खणातून कोरा कागद काढला. पेनाचं टोपण उघडून तसेच थांबले.

"बाकीच्या सगळ्या लिहून देतो. तारखेसकट. माझी पाठ कधी कधी गेली ते मला पाठ आहे." मग वर न बघता म्हणाले, "ही एक राहू दे मला."

बाईंच्या मनात आलं, एक राहू दे कशी? होती तीच एक. बाकी सगळ्या म्हणजे रविवारच्या सकाळच्या, शाळांच्या, अर्ध्या रिकाम्या सभागृहांतल्या. आयुष्यात एकदा सगळं शहर ऐकत होतं आणि बाई त्यात होत्या, तीन चतुर्थांश का होईना. हा माणूस आजारी पडून खुर्ची द्यायचा आणि आता धडधाकट असताना ती परत मागत होता. नाही म्हणायचं त्यांनी ठरवलंसुद्धा. पण सरांनी पहिली तारीख लिहिली होती. लिहिताना ते दर ओळीला पाठ सावरत होते, आणि ओळीच्या शेवटी स्वच्छ अक्षरात लिहीत होते, 'त्या दिवशी मी वाजवलं नाही.' एवढ्या वेळा हे वाक्य लिहायला कुणालाही जड गेलं असतं. बाई समोर बसून राहिल्या. सर छत्तीस ओळींवर थांबले आणि त्यांनी सही केली.

"दुसऱ्यांची मुलं बरी वाजवतात हल्ली," कागद देताना ते म्हणाले. "खालून ऐकू येतं."

वीस वर्षांनी ऐकू आलं, असं म्हणायचं बाईंनी महत्प्रयासानं टाळलं आणि जिना उतरल्या.

व्यवस्थापकानं कागद दोनदा वाचला. त्याचा चेहराच उजळला. छत्तीस म्हणजे भरपूर झाल्या, तो म्हणाला, आता कुणाची काही हरकत येणार नाही, गट तुमच्याकडेच राहील. लगेच त्यानं टाईप करायला घेतलं. 'नामवंत वादकांच्या जागी' असं लिहिलं, तेव्हा बाईंनी त्यातला नामवंत काढायला लावला. मग तो थबकला. त्यानं तारखांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"बाई, यात सभागृहाच्या उद्घाटनाची मैफल नाही. त्याच महिन्यातल्या दोन आहेत. तेव्हा तुम्ही होता का? असलात तर एक ओळ मावतेय अजून. केवढी मोठी गोष्ट आहे."

तालमीच्या खोलीत मुलांची सुट्टी संपली होती. शिक्षक नाही असं बघून कुणीतरी गजांच्या तलवारी केल्या असणार, तसा आवाज येत होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मला फोन आला नाही."

त्यानं मान डोलवली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. बाईंनी चष्मा पुसून स्वतःचं छापलं जाणारं नाव वाचलं, अक्षरं पुरेशी मोठी आहेत म्हणाल्या, आणि दाखवलं तिथे सही करून मुलांना ओरडायला निघून गेल्या.