तेरखेड्याची थाप

पुण्याचं वऱ्हाड हैदराबादला जायला तयार नव्हतं आणि हैदराबादचं पुण्याला यायला, म्हणून लग्न नळदुर्गला आलं. कुणीतरी नकाशावर बोट ठेवून बरोबर मध्य काढला असणार. हायवेला लागून एक लॉन, मागं मोकळा माळ, बाजूला दोन ढाबे. दोन्हीकडच्या बसगाड्या एकाच दुपारी येऊन थांबल्या. पाहुणे उतरले आणि दोन्ही बाजूंनी पहिलं वाक्य अगदी सारखं आलं, "कुठं आणून टाकलंय हो आपल्याला!"

मला ते स्पष्ट ऐकू आलं, कारण मी मागच्या माळावर वाळूत लोखंडी नळ्या पुरत होते. मी शाहीन. वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याची. माझे वडील बाबामियाँ शोभेची दारू करतात. त्यांचे वडील करायचे, आता मीही करते. अशा नळीतून सुटून आभाळात फुटणारा औटगोळा बनवायचा म्हणजे हातात सबुरी लागते, आणि मला बाकी कुठं नसली तरी हातात ती आहे. तोंडात मात्र नाही. "कुठं आणून टाकलंय" ऐकल्यावर मी फावडं जरा जास्तच जोरात मारलं.

नवरा पुण्याचा होता, नवरी हैदराबादची. नवरीचं घर मराठीच, पण निजामाच्या काळात तिकडं गेलेलं आणि तिथंच मुरलेलं. पोरं गोड होती. भांडण त्यांच्यात नव्हतंच. भांडण होतं नवऱ्याचे मामा कृष्णराज आणि नवरीचे काका उमाशंकर यांच्यात. चहाच्या टेबलापाशी सुरू झालेलं ते संध्याकाळपर्यंत चाललं.

"आमच्याकडं मेट्रो धावायला लागली तेव्हा तुमच्याकडं खड्डे मोजत होते," उमाशंकर म्हणाले.

"आमच्याकडं दुपारी माणूस झोपतो, तरी शहर चालतं. तुम्हाला रात्रभर जागून बिर्याणी विकावी लागते," कृष्णराज म्हणाले.

"इराणी चहा प्यायचा तर आमच्याकडं यावं लागतं, साहेब."

"पुण्यात इराणी नव्हते का? आमच्या इराण्यानं तुम्हाला सुटे पैसे नसतील तर उठवलं असतं."

दोघंही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, दोघांचेही कपडे कडक इस्त्रीचे. बोलताना मात्र चौथीतली पोरं परवडली. आणि गंमत म्हणजे दोघांनीही गुपचूप एकच बेत केला होता. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी आपापल्या शहराच्या थाटाची आतषबाजी करायची आणि समोरच्याचे डोळे दिपवायचे. आठवडाभर आधी बातमी फुटली. मग कुणी मागं हटेना, तेव्हा ठरलं की आधी पुणे उडवेल, मग हैदराबाद, आणि कुणाचं सरस ते चारशे पाहुणे ठरवतील.

कृष्णराजांनी पुण्यातल्या व्यापाऱ्याला गाठलं, उमाशंकरांनी हैदराबादच्या. पुण्याच्या व्यापाऱ्यानं अब्बांना फोन केला. दोन दिवसांनी हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन आला. अब्बांनी दोघांनाही हो म्हटलं.

मोठ्या शहरांची आतषबाजी येते कुठून, हे शहरांना ठाऊक नसतं. आमच्यासारख्या गावांतून ती येते. आमच्या शेडमध्ये बारा बाया बसतात, कागद गुंडाळतात, वाती वळतात, आणि मग खोक्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावाचं झुळझुळीत लेबल चिकटतं. चाळीस वर्षं अब्बांचं काम आभाळात गेलं. लोक माना वर करून वा वा म्हणाले, आणि खाली माईकवर प्रत्येक वेळी नाव पुकारलं गेलं ते दुसऱ्याचं. अब्बांना त्याचं काही नव्हतं. मला होतं. त्यांचे हात आता थरथरायला लागलेत, आवाजांनी कान गेलेत. यापुढं आपण आतषबाजी उडवणार नाही, नळदुर्गची शेवटची, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. म्हणजे माईकवर त्यांचं आणि तेरखेड्याचं नाव ऐकायची माझी ही शेवटची संधी होती.

ती आधीच गेलेली होती. दोन्ही व्यापाऱ्यांनी एकच अट घातली होती: तेरखेड्याचं नाव निघता कामा नये. निघालं तर दिवाळीचा माल दुसरीकडून घेऊ. दिवाळीचा माल गेला तर शेडमधल्या बारा बाया घरी बसणार. अब्बांनी शब्द दिला. अब्बांचा शब्द म्हणजे तिथं विषय संपतो.

एवढ्यावर भागलं नाही. पुण्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या दुकानाचा केशरी टी-शर्ट पाठवला, हैदराबादच्यानं हिरवा. मी केशरी घातला, अब्बांनी हिरवा. माळाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. बापलेकींनी एकमेकांना ओळखही दाखवायची नाही. दाढीला मेंदी लावलेला सत्तर वर्षांचा माझा बाप त्या हिरव्या टी-शर्टात उभा राहिला तेव्हा मला हसू आलं आणि त्याच्या मागून रडूही आलं.

आता थापेचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं दारूकाम करणाऱ्या घरांची आपापली थाप असते. सगळी आतषबाजी संपली की शेवटी एक औटगोळा उडवायचा. त्याला रंग नाही, फुलं नाहीत, नुसता आवाज. तो गिऱ्हाइकाच्या यादीत नसतो, तो घराकडून असतो. आमच्या घराची थाप अशी आहे: एक आवाज, मग एक श्वास घेण्याइतकी शांतता, मग लागोपाठ दोन. आजोबांनी बसवलेली. आमच्या भागात जत्रेत, उरुसात, वरातीत ती थाप झाली की डोळे मिटून बसलेला म्हाताराही सांगतो की बाबामियाँच्या घरचं काम आहे.

म्हणून माल भरताना मी अब्बांच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं, "अब्बा, यावेळी थाप ठेवायची नाही. दोन्हीकडं सारखीच वाजली तर गोंधळ होईल."

घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा चिडले की मराठीवर येतात. "म्या काय येडा हाय का? मला सांगतीस व्हय? तू तुझं खोकं बघ," ते म्हणाले.

हैदराबादचं खोकं त्यांनी भरलं, पुण्याचं मी. पुण्याचं सगळं मीच केलं होतं, पहिल्या कागदापासून. अब्बांनी त्याला हात लावला नव्हता. मी मनात म्हटलं, आज बघतील.

संध्याकाळी सात वाजता सीमांतपूजन झालं. खुर्च्या माळाकडं वळवल्या गेल्या. कृष्णराजांनी माईक घेतला आणि पुण्याच्या परंपरेवर पाच मिनिटं बोलले. मग मी पहिली वात पेटवली.

मी माझ्या तोंडानं सांगू नये, पण सांगते. चांगलं झालं. आधी भुईनळे, उंच आणि संथ. मग केशरी गोळे, एकावर एक. मग मी केलेला नवा गोळा गेला. तो वर फुटतो आणि मळणीत ज्वारी उधळावी तसे पिवळे दाणे खाली येतात, हळूहळू, विझायची घाई न करता. चारशे माणसं गप्प झाली. पुण्याची माणसं गप्प झाली, यातच आलं सगळं. शेवटच्या नळीला मी वात लावली आणि मागं सरले.

धडाम. मग शांतता. मग धडाम, धडाम.

थाप! यादीत नसलेली, मीच नको म्हटलेली थाप माझ्याच हातानं खोक्यात गेली होती. खोक्याचा शेवटचा कप्पा रिकामा दिसला की हात आपोआप ती ठेवतो. अब्बांना दम देणाऱ्या माझ्या तोंडाचं माझ्याच हातानं ऐकलं नव्हतं.

मग हैदराबादचं सुरू झालं. उमाशंकर माईकवर चारमिनारपासून सुरुवात करून बऱ्याच उशिरा थांबले. अब्बांनी हिरवे, निळे, चंदेरी गोळे उडवले. चंदेरी गोळा ही त्यांची खासियत, पावसाची सर उभी राहावी तसा. मी मात्र आभाळाकडं बघत नव्हते, मी अब्बांच्या शेवटच्या नळीकडं बघत होते. मनात म्हणत होते, नसू दे, नसू दे.

धडाम. शांतता. धडाम, धडाम.

क्षणभर टाळ्या, आणि मग गलका. "आमचा शेवट चोरला!" कृष्णराज उठून उभे राहिले. "पुण्याची खास पद्धत आहे ही!"

"चोरला? हैदराबादेत ही पद्धत निजामापासून आहे, साहेब! तुमच्या माणसानं आमच्या दुकानातून उचलली असेल," उमाशंकर म्हणाले.

चौथीतली पोरं पुन्हा भिडली, पण आता शब्द वाढायला लागले. 'चोर' हा शब्द व्याह्यांमध्ये एकदा आला की तो सहज जात नाही. नवरी उभी राहिली, तिचे डोळे भरले. नवरा मामांचा हात ओढत होता. उमाशंकर म्हणाले, माफी मागितल्याशिवाय आमचं माणूस पानावर बसणार नाही. कृष्णराज म्हणाले, नका बसू.

मग दोघांनाही एकदमच सुचलं आणि त्यांनी आम्हाला बोलावलं. मी केशरी टी-शर्टात, अब्बा हिरव्या.

"ताई, सांगा यांना, ही पद्धत पुण्याची आहे ना?"

"चाचा, हौ म्हणा, हैदराबादची आहे ना?"

मी अब्बांकडं पाहिलं. त्यांना धड ऐकू आलं नव्हतं, पण काय झालंय ते समजलं होतं. त्यांनी मान खाली घातली. शब्द दिलेला होता. बारा बायांचे बारा चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले. खोटं बोलवत नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून एक बाई धावत आली. दोन्ही हात पिठानं माखलेले, पदर खोचलेला. लॉनवर भाकरी करायला असलेली ही कडूबाई, हे मला नंतर कळलं. तिनं ना मामांकडं पाहिलं, ना काकांकडं.

"बाबामियाँ आलेत व्हय? कुठं हायेत?" ती ओरडली. "थाप ऐकली न् तवा चुलीवर तसाच सोडून आले! माझं माहेर तेरखेड्याजवळचं. माझ्या लग्नाच्या वरातीत हीच थाप वाजली होती. एक, दम, दोन. बाबामियाँबिगर कुणाची असंल?" मग तिला हिरवा टी-शर्ट दिसला. "अवं चाचा! ह्ये काय घातलंय तुमी?"

चारशे माना हिरव्या टी-शर्टाकडं वळल्या. अब्बांनी शब्द मोडला नव्हता, मीही नाही. तेरखेड्याचं नाव आभाळातून खाली आलं होतं आणि पिठाच्या हातांनी झेललं गेलं होतं.

"म्हणजे दोन्ही?" कृष्णराजांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हणाले. आता लपवायचं काय राहिलं होतं? "हे माझे अब्बा. हैदराबादचं त्यांनी केलं, पुण्याचं मी. दोन्ही तेरखेड्याच्या एकाच शेडमध्ये झालं. तुम्ही दुपारी विचारत होता ना, कुठं आणून टाकलंय? इथं. जिथं तुमचं आभाळ बनतं, तिथं आणून टाकलंय."

मला ते बोलताना इतकं बरं वाटलं की दिवाळीचा विचारसुद्धा घटकाभर मागं पडला. आधी नवरी हसली. मग उमाशंकरांना हसू आवरेना, आणि मग कृष्णराजांनाही. चोर कुणीच नव्हतं, आणि शेखी मिरवायला दोघांकडंही काही उरलं नव्हतं.

पण पुणेकर तो पुणेकर. कृष्णराज अब्बांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "चाचा, एवढं खरं सांगा. दोन्हीत सरस कुठलं? पुण्याचं की हैदराबादचं?"

अब्बांनी सावकाश माझ्याकडं पाहिलं. कामात त्यांनी माझं कधी कौतुक केलेलं मला आठवत नाही. वात जाड झाली, कागद सैल राहिला, एवढंच मी आजवर ऐकलं होतं.

"पिवळे दाने पडत व्हते ते. तसं मला उभ्या जन्मात जमलं न्हाय," ते म्हणाले.

"म्हणजे पुणे जिंकलं!" कृष्णराजांनी हात वर केले.

"पुणं न्हाय," अब्बा म्हणाले. "शाहीन."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते त्या केशरी टी-शर्टालाच पुसलं.

उमाशंकरांनी माईक हातात घेतला. यावेळी ते चारमिनारकडं गेले नाहीत. त्यांनी मला आमची नावं विचारली आणि मग सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजची आतषबाजी, उस्ताद बाबामियाँ आणि उस्ताद शाहीन. तेरखेडा." टाळ्या दोन्ही बाजूंनी वाजल्या. भाकरीवाल्या बाया दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्या जास्त जोरात वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याचा व्यापारी फोनवर खूप बोलला आणि त्यानं आमचा माल बंद केला. हैदराबादचा नुसता खाकरला आणि म्हणाला, तो पिवळ्या दाण्यांचा गोळा दिवाळीला पाठवा. "लेबल आमचं लागेल," मी म्हणाले. तो पुन्हा एकदा खाकरला आणि हो म्हणाला. बारा बाया कामावर आहेत.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. टाळ्या थांबल्यावर अब्बांनी माझा हात धरला.

"माईकवर काय म्हनले गं ते?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तेरखेडा म्हणाले, अब्बा. आणि तुमचं नाव."

"ऐकू न्हाय आलं. अजून एकदा म्हनायला सांग."

मी उमाशंकरांना सांगितलं, ते पुन्हा म्हणाले. अब्बांनी कानामागं हात धरला, मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणाले. मग कृष्णराजांनी माईक घेतला आणि तिसऱ्यांदा पुकारलं. माईकचा कर्णा अब्बांच्या डोक्यावर चार हातांवर होता. एवढ्या जवळचं त्यांना चांगलं ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे.

"अजून एकदा," अब्बा म्हणाले.