नारिंगी टोप्यांचा सोमवार

मित्रांनो, माझ्यामागे उभे राहिले की मोठमोठ्या माणसांचाही घसा कोरडा पडतो. कुणी खाकरतो, कुणी हातातला कागद पुन्हा पुन्हा सरळ करतो, आणि बहुतेक सगळे माझ्या दोन्ही कडा घट्ट धरतात. त्यामुळे माझ्या कडांना दोन गुळगुळीत खळगे पडले आहेत. मी एक जुना पोडियम आहे. अक्रोडाच्या लाकडाचा, छातीइतका उंच आणि एका पायाने किंचित आखूड.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत टेनंट काउंटी, म्हणजे एक छोटा जिल्हा आहे. तिथल्या मोठ्या शाळेचे मैदान वाढवताना एक अक्रोडाचे झाड तोडावे लागले. सुतारकाम शिकवणाऱ्या एमरी लस्क सरांनी ते जळणात जाऊ दिले नाही. फळ्या त्यांनी माळ्यावर नीट वाळवल्या, कारण ओल्या लाकडाला रंधा लावला की ते पुढे वाकते. मग त्यांच्या वर्गाने मला घडवले. चौथा पाय कापणाऱ्या मुलीने मोजायची टेप उलट्या टोकाकडून धरली होती. ती रडायला लागली तेव्हा सर म्हणाले, "राहू दे गं. याच्यामागे उभा राहणाराही थोडा डगमगतोच. जोडी जमेल."

तेव्हापासून मी काउंटीच्या शाळा मंडळाच्या सभेत उभा राहू लागलो. मंडळात पाच माणसे, सगळी लोकांनी मते देऊन निवडलेली. ती मिळून एक अधीक्षक नेमतात. शाळा चालवायच्या अधीक्षकांनी, आणि होय की नाही हे ठरवायचे मंडळाने. दर महिन्याच्या सभेत आधी छातीवर हात ठेवून झेंड्याला वंदन होई, मग लोकांची पाळी. ज्याला बोलायचे असेल त्याने माझ्यामागे यायचे. टेबलावर एक छोटा दिवा असे. तो हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल झाला की बोलणाऱ्याने गप्प बसायचे, मग तो कुणीही असो.

मी खूप ऐकले. शब्दलेखनाची स्पर्धा जिंकलेल्या मुलीचे आभार ऐकले, निवृत्त होणाऱ्या बस चालकाचा हुंदका ऐकला. शाळांचा पैसा कुठून येतो हे तर इतक्यांदा ऐकले की आता मला पाठ आहे. राज्य पैसे देते ते मुले मोजून. वॉशिंग्टनहून थोडे येतात, जेवणासाठी आणि जास्त मदत लागणाऱ्या मुलांसाठी. उरलेले काउंटीचे लोक स्वतःच्या घराजमिनीवर जादा कर बसवून घेतात, तोही दर काही वर्षांनी मतदान करून. शाळेतली नर्स, संगीताचे शिक्षक, डोंगरापलीकडच्या छोट्या शाळा, हे सगळे त्या शेवटच्या पैशावर चालते.

मग कोळशाची खाण बंद पडली. तरुण कुटुंबे सामान बांधून गेली आणि मुले कमी झाली. मुले कमी झाली तसा राज्याचा पैसाही आटला. सभेला लोक येईनासे झाले. कित्येक महिने माझ्यामागे कुणीच उभे राहिले नाही. नव्या सभागृहात स्टीलची बारीक काठी आली, वर माइक. मला डोंगराकडेच्या लॉरेल फोर्क शाळेत पाठवले आणि स्वयंपाकघरामागच्या कोठीत पीचचे डबे आणि मैद्याच्या पोत्यांमध्ये उभे केले. कोठीच्या दमट हवेने माझे सांधे फुगले. खालच्या खणात उंदराने घर केले.

मित्रांनो, मला एवढाच दिलासा होता की स्वयंपाकघरातले सगळे मला ऐकू येई. तिथे ड्रीमा स्किडमोर स्वयंपाक करायची. खोऱ्यातल्या अर्ध्या माणसांनी लहानपणी तिच्या हातचे खाल्लेले, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. तिची नात टेसा याच शाळेत पहिलीत होती. ड्रीमा तिला रोज हाताला धरून चालत आणायची.

त्या वर्षी मे महिन्यात जादा कर मतदानात नामंजूर झाला. शरद ऋतूत बातमी आली की लॉरेल फोर्क शाळा बंद करायचा प्रस्ताव आहे. तसे झाले तर लहान मुलांनाही बसने केटल डोंगर ओलांडून जावे लागणार होते. आदल्या हिवाळ्यात त्याच डोंगराच्या एका वळणावर मोठ्या मुलांची बस बर्फावरून घसरली होती आणि मुले अंधार पडेपर्यंत आत कुडकुडत बसली होती. ड्रीमाने तेव्हा त्यांना कोको पाजला होता. आता त्या बसमध्ये टेसा बसणार होती.

कायद्याप्रमाणे शाळा बंद करण्याआधी त्याच शाळेत लोकांची सुनावणी घ्यावी लागते. एके दिवशी ड्रीमाचा भाऊ हार्लस शाळेचा फ्रीज दुरुस्त करायला आला.

"सुनावणीची तारीख वाचलीस?" त्याने विचारले.

"वाचली. सोमवार आहे."

"कुठला सोमवार ते वाचलंस?"

पातेल्यातला डाव थांबलेला मला ऐकू आला.

"अगं बाई! हरणांचा सोमवार?"

"हरणांचाच! हंगामाचा पहिला दिवस! त्या दिवशी आपल्याकडे कुणी मरतसुद्धा नाही, ड्रीमा. खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत!"

आमच्याकडे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग सणाच्या त्या आठवड्यात शाळांना सुट्टी असते, ती मुळात शिकारीसाठीच. पहाटेपासून अख्खी काउंटी रानात असते. हे कुणी कुठे लिहून ठेवत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते. नवे अधीक्षक डॉक्टर कर्टिस ॲव्हरिल मात्र उन्हाळ्यातच सपाट मुलखातून आले होते. ते सुनावणीची जागा पाहायला आले तेव्हा ड्रीमाने त्यांना स्वयंपाकघराच्या दारातच गाठले.

"डॉक्टर, ही तारीख मुद्दाम निवडली का?"

"मुद्दाम? हो, म्हणजे मुद्दामच. त्या आठवड्यात कॅलेंडर पूर्ण रिकामं होतं. मला वाटलं, लोक मोकळे असतील."

"मोकळे? अहो, त्या दिवशी निम्मे लोक हरणाची वाट बघत झाडावर बसलेले असतात!"

त्यांनी हातातले कागद चाळलेले मला ऐकू आले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

"मंडळात पाच जण आहेत ना? एकालाही सुचलं नाही?"

"तारखेचा ठराव कुणी वाचला नसावा. शंभर कागदांत तोही मंजूर झाला."

तारीख बदलता येत नव्हती. जाहीर नोटीस कितीतरी आठवडे आधी द्यावी लागते आणि निर्णय वर्ष संपायच्या आत व्हायला हवा होता.

"आणि कुणीच आलं नाही तर?" ड्रीमाने विचारले.

ते प्रामाणिक गृहस्थ होते. "तर मंडळ असं धरेल की कुणाची हरकत नाही."

ते गेल्यावर ड्रीमा बराच वेळ कांदे चिरत राहिली. मग हार्लस आला तेव्हा त्याला म्हणाली, "अंधार पडला की शिकार बंद होते ना?"

"होते. कायदाच आहे."

"मग काय करता तुम्ही?"

"कॅम्पवर जातो. डबाबंद बीन्स गरम करतो आणि एकमेकांना थापा मारतो."

"प्रत्येक कॅम्पवर सांग, मावशी शाळेत चिली करतेय. हरणाच्या मांसाचा झणझणीत रस्सा, राजमा घालून. आणि मक्याचा पाव. सुनावणी झाल्यावर वाढणार. आधी नाही."

"लोक चिलीसाठी येतील, ड्रीमा. शाळेसाठी नव्हे."

"येऊ देत रे. एकदा खुर्चीत बसले की बघते मी."

सुनावणीच्या संध्याकाळी मंडळाचे लोक गावातून आले, पण माइकची काठी आणायला विसरले. ड्रीमा कोठीत आली, तिने मला ओढून बाहेर काढले, उंदराचे घर झटकले आणि एप्रनने माझ्या अंगावरचा मैदा पुसला. आखूड पायाखाली तिने दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला. किती वर्षांनी मी पुन्हा सरळ उभा होतो!

मंडळाचे पाचही जण मुलांच्या बुटक्या टेबलांमागे गुडघे वर करून बसले. खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. तेवढ्यात खिडक्यांवर गाड्यांचे उजेड पडले, मग पायरीवर बुटांचे आवाज आले. दार उघडले आणि खोली नारिंगी झाली. रानात एकमेकांना दिसावे म्हणून घालायची ती भडक जाकिटे आणि टोप्या. त्यांच्याबरोबर ओल्या पानांचा आणि धुराचा वास आत आला.

मंडळाचे अध्यक्ष वेंडेल कोगर मान उंचावून म्हणाले, "बंदुका कॅम्पवर ठेवल्यात ना रे?"

"ठेवल्यात, वेंडेल. आज तुला नुसतं बोलूनच गारद करणार!"

झेंड्याला वंदन करताना टोप्या उतरल्या. पहिला बोलणारा आपली टोपी माझ्यावर विसरून गेला. दुसऱ्याला वाटले तशीच रीत आहे, त्यानेही आपली ठेवली. मग तो ढीग वाढतच गेला.

आधी डॉक्टर ॲव्हरिल यांनी सगळे मांडले. मुले किती कमी झाली, कर पडल्यावर किती तूट आली. काउंटीची मुले वाचनात राज्याच्या सरासरीला पोचतात, गणितात मागे पडतात. लॉरेल फोर्कची मुले वाचनात पुढे आहेत, पण गणितात फारच मागे, कारण इथे एकच शिक्षिका तीन इयत्ता एकत्र सांभाळते. त्यात खोटे काहीच नव्हते. मग लोक बोलले. माझे आजोबा इथे शिकले, माझ्या आईने तो झोपाळा बांधला. मंडळाचे लोक मान हलवत ऐकत होते. अशी मान मी ओळखतो. ती ऐकून घेते, पण तिने निर्णय आधीच घेतलेला असतो.

शेवटी ड्रीमा आली. हिरवा दिवा लागला. तिने माझ्या कडा धरल्या आणि मित्रांनो, तिने मला उलटा फिरवला! पुठ्ठा निसटला, मी डुगडुगलो, टोप्या खाली पडल्या. आजवर मी फक्त मंडळाचे चेहरे पाहिले होते. लोक नेहमी माझ्यामागे असत. त्या दिवशी प्रथमच ते मला समोर दिसले.

"ड्रीमा, मंडळाकडे बघून बोल. नियम आहे," वेंडेल म्हणाले.

"तुम्हाला निवडून देणारे हे इथे बसलेत, वेंडेल. आधी यांच्याशी बोलते, मग तुमच्याशी." ती लोकांकडे वळली. "मे महिन्यात शाळेच्या कराला मत कुणी दिलं? होय असो वा नाही, मत देऊन कोण आलं? हात वर करा."

शिक्षिकांचे हात वर आले. काही आयांचे आले. नारिंगी बाह्या खालीच राहिल्या.

"हार्लस, तू कुठे होतास?"

"टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम होता गं."

खोली हसली. ड्रीमा हसली नाही. "हरणाला हंगाम आहे, टर्कीला आहे, ट्राउट माशाला आहे. पोरांना नाही का? त्या वळणावर बस अडकली तेव्हा दोर घेऊन तुम्हीच धावलात. मत द्यायला मात्र एक माणूस डोंगर उतरला नाही. शाळा या पाच जणांनी बंद करायला काढली असं म्हणू नका. ती आपण काढली."

कुणीतरी बूट जमिनीवर घासले. दिवा पिवळा झाला. ड्रीमाने मला पुन्हा मंडळाकडे वळवले.

"आता तुम्ही. आम्हाला मेपर्यंत द्या. कर पुन्हा मताला टाका. आमची मुलं गणितात कच्ची आहेत, ते मी झाकत नाही. त्यावर काय करायचं ते डॉक्टरांनी सांगावं, आम्ही करू. आणि मेमध्ये कर पुन्हा पडला, तर या दाराला कुलूप मी स्वतः लावीन आणि टेसाला त्या बसमध्ये..."

दिवा लाल झाला. ड्रीमा वाक्य अर्धे सोडून खाली बसली. नियम तिलाही लागू होता.

वेंडेल कोगर यांनी कोटाची बटणे सोडली. आत नारिंगी जाकीट होते. "पहाटेपासून मीही रानातच होतो," ते म्हणाले. "तारखेच्या ठरावावर माझी सही आहे. मी तो वाचलाच नव्हता." मग त्यांनी मते घेतली. दोन मते बंद करण्याच्या बाजूने, दोन थांबण्याच्या बाजूने. पाचवे त्यांचे. "मेपर्यंत थांबू. पण ड्रीमा, कुलपाचं बोललीस ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस. आता चिली घे, गार होतेय."

त्या हिवाळ्यात ती माणसे दारोदार गेली. ज्या घरात मूल नव्हते तिथेही गेली, दारे तोंडावर आपटली तरी पुढच्या दाराशी गेली. मे महिन्यात टर्कीचे शिकारी पहाटे रानात जाण्याआधी मतदान केंद्रासमोर रांगेत उभे होते. कर मंजूर झाला, अगदी थोडक्यात.

सगळेच काही वाचले नाही. वरच्या दोन इयत्ता डोंगरापलीकडे गेल्याच. लहान मुले लॉरेल फोर्कमध्ये राहिली. गणिताच्या एक बाई आता आठवड्यातून काही दिवस येतात. गुण वाढले आहेत, पण अजून सरासरीला पोचलेले नाहीत. टेसा मात्र आजीचा हात धरून चालतच शाळेत येते. डॉक्टर ॲव्हरिल यांच्या कॅलेंडरवर दरवर्षी एका सोमवारी नारिंगी गोल असतो.

मी पुन्हा दर महिन्याच्या सभेला जातो, हार्लसच्या ट्रकमध्ये चादरीत गुंडाळून. मित्रांनो, लोक मला पॉलिश करायचे म्हणतात. मला पॉलिश नको. अक्रोडाचे लाकूड हातांच्या तेलाने चमकते, आणि कुणी हात लावला नाही की कोरडे पडून तडकते. तुमच्या गावातही शाळेचे काहीतरी ठरवण्यासाठी माणसे बसत असतील आणि त्यांच्यासमोर माझ्यासारखा कुणी रिकामा उभा असेल. तिथे जा. त्याच्या कडा घट्ट धरा. आवाज कापला तरी चालेल.

पण तोंड उघडण्याआधी एकदा त्याला उलटा फिरवून पाहा. आपल्यातले कोण आले आहेत आणि कोण आले नाहीत, ते तिथूनच दिसते.