बाप बघून निवडलेला पोरगा

“अरे म्हाताऱ्या, खेळ इकडे चाललाय!” लेस्टरने कोपराने ढोसलं.

“चालू दे,” म्हणत वेंडेल डाचुकने बर्फाकडे पाठ फिरवली आणि वरच्या बाकावरच्या एका माणसाची मान पुन्हा न्याहाळायला घेतली. मान कसली, झाडाचा बुंधाच. तो माणूस उठला की मागच्या रांगांना ग्रहण लागे.

डनहोमची आइस हॉकीची रिंक इतकी गार, की बाहेर उणे तिसात उभी असलेली माणसं ओरडायची, “दार लावा रे, आतली थंडी बाहेर येतेय!” अशा रिंका पालथ्या घालण्यात वेंडेलचा जन्म गेला होता. जूनमध्ये ड्राफ्ट भरतो, मोठे संघ आळीपाळीने कोवळ्या खेळाडूंची नावं पुकारतात. ती पोरं आधीच हेरून ठेवायची, हा त्याचा धंदा. लेस्टरचाही तोच, दुसऱ्या संघासाठी. सतरा वर्षांचं पोरगं पुढे किती वाढणार, हे देवालाही सांगता येत नाही. वेंडेल सांगे. पोराकडे बघायचंच नाही, बाप बघायचा. खाण तशी माती. मान, मनगट आणि बुटाचं माप. एकदा म्हणे बाप हयात नव्हता, तर पठ्ठ्याने त्याच्या थडग्याची लांबी पावलांनी मोजून पोराची उंची सांगितली होती. हे साफ खोटं आहे. थडगं आजोबांचं होतं.

यंदा मात्र संघात ब्राइस नावाचा नवा साहेब आला होता. तो संगणकावर पोरं बघायचा. “वेंडेल, शेवटच्या फेरीतलं एक नाव तुमचं,” त्याने बजावलं होतं. “चुकलात तर घरी बसायचं.” गावोगावच्या गोठलेल्या रस्त्यांशिवाय वेंडेल हिवाळाभर घरात करणार काय, हे त्याच्या बायकोलाही सुचत नव्हतं. तिला तर त्याचीच धास्ती होती.

त्याचं मन बसलं होतं रेमी टेट्रोवर. पोरगं पाऱ्यासारखं निसटायचं, पण बाकावर बसलं की कठड्यावर नुसतं हेल्मेट दिसायचं. बाकीच्यांनी केव्हाच त्याच्यावर फुली मारली होती. आणि वरून तो बुंधा, गॉर्ड उनराऊ, छप्पर उडेल असा गर्जत होता, “चल रेमी! आपलं पोरगं काय चीज आहे, कळू दे यांना!”

वेंडेल बटाटा भरलेल्या पेरोगीची ताटली घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसला.

“सतराव्या वर्षी केवढे होतात हो तुम्ही?”

“मी? आईच्या खांद्याला लागायचो. मग एका उन्हाळ्यात असा सुटलो, की आईने माझ्या विजारींना खाली पडदे जोडले!”

“आणि हा जेवतो कसा?”

“जेवतो?” गॉर्डची बायको लोरेन मध्येच म्हणाली. तीही दाराएवढी होती. “परवा मांस कापायला सुरी आणायला गेले. परत येऊन बघते, तर कापायला काही उरलंय कुठे!”

गॉर्डने आपला बूट उचलून दाखवला. तो पाहून वेंडेलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“दोन वर्षांत सव्वासहा फूट,” त्याने ब्राइसला फोनवर सांगितलं. “लिहून घे, बाळा.” ब्राइसने लिहून घेतलं आणि मालकांनाही कळवून टाकलं.

जून उजाडला. शेवटच्या फेरीपर्यंत ड्राफ्टचा हॉल अर्धा रिकामा झाला होता. गॉर्डशी जरा आधीच हात मिळवावा म्हणून वेंडेल त्याच्याकडे गेला.

“या, या! यांना भेटा,” गॉर्ड म्हणाला. “हे रेमीचे वडील.”

वेंडेलने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

खाली ऑरेल टेट्रो हात पुढे करून उभा होता. विनिपेगच्या रेसकोर्सवरचा जॉकी. शेजारी त्याची बायको होती. तिच्यापुढे तो उंच दिसत होता.

“मग तुम्ही कोण?” वेंडेलने गॉर्डला विचारलं.

“मी? अहो, हिवाळाभर आमच्याकडे राहतो ना तो!”

ज्युनियर संघातली पोरं परगावी कुणाच्या तरी घरी राहतात, त्यांच्याच ताटात वाढतात, हे या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेंडेल स्वतः त्या वयात एका पोस्टमास्तरांकडे राहिलेला. पण सख्ख्या बापापेक्षा मोठ्याने ओरडणारा माणूस बघितला आणि इतक्या वर्षांचं शहाणपण बर्फावरून घसरलं.

तेवढ्यात ब्राइस आला. “पुढचं नाव आपलं. तोच ना बाप? वा, काय मान आहे!”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगं वाढत नाही हे कळेपर्यंत दोन हिवाळे तरी पदरात पडले असते. वेंडेलने ऑरेलकडे बोट दाखवलं.

“तो नव्हे. पलीकडे उभा आहे, तो.”

“उभा कुठे आहे? बसलाय की.”

“उभा आहे.”

“म्हणजे पोरगं…?”

“आहे तेवढंच राहणार.”

“मग मारतो फुली.”

“घे त्याला, ब्राइस. तो माणूस बघ. पिठाच्या पोत्याएवढं वजन, पण रोज सकाळी मस्तवाल घोड्यांवर बसतो आणि हवं तिकडे वळवतो. पोरगंही तसंच. धिप्पाड बचावपटूंनी कुठे धावायचं ते हा ठरवतो, आणि ते तिथे पोचतात तेव्हा हा तिथे नसतोच. खाण बरोबर होती रे. मीच भलत्या खाणीत उतरलो.”

“आणि मालकांना काय सांगू? सव्वासहा फुटांचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं.”

“माझ्या फोड. पोरगं आत, मी बाहेर.”

“वेंडेल, मी गंमत करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतोय?”

ब्राइस माइककडे गेला.

नाव पुकारलं गेलं आणि गॉर्डने ऑरेलला उचलून खांद्यावरच घेतलं. दोन्ही बाप तसेच एकावर एक रडू लागले. मंचावर संघाची जर्सी रेमीच्या गुडघ्यापर्यंत आली. हात बाह्यांत हरवले, तसा तो रिकाम्या बाह्याच हलवत सुटला.

वेंडेल मागच्या दाराशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. टाळ्या थांबल्यावर त्याने कोटावरचा संघाचा बिल्ला काढला आणि एका रिकाम्या खुर्चीवर ठेवला. कोट कधीच विटून राखाडी झाला होता. बिल्ल्याखालचा गोल तुकडा तेवढा अजून निळाशार होता.